पेकादो, पाप आणि गुन्हा

स्पॅनिश भाषेत 'पेकादो' असा एक शब्द आहे. कोशकार त्याच्यापुढे 'पाप' असा प्रतिशब्द लिहून मोकळा होतो आणि भाषांतरकार तो उचलून पुढच्या ओळीकडे वळतो. ह्यात दोघांनीही काही गैर केले असे आमचे म्हणणे नाही. 'पेकादो'ला 'पाप' हाच सर्वांत जवळचा मराठी शब्द आहे. पण शब्दाचा अर्थ कोशात सापडला तरी त्याचा स्वभाव कोशात सापडत नाही. तो त्या शब्दाबरोबर नांदणाऱ्या क्रियापदांत शोधावा लागतो. ह्या कसोटीने पाहिले असता 'पेकादो' आणि 'पाप' ह्यांच्यात जे अंतर दिसते ते मोठे उद्बोधक आहे. आणि 'पाप' व 'गुन्हा' ह्या आपल्याच घरातील दोन शब्दांमधले जे अंतर आपण अलीकडे बुजवीत चाललो आहोत त्याची जाणीव करून देणारेही आहे. प्रस्तुत लेखाचा खरा रोख ह्या दुसऱ्या गोष्टीकडे आहे.

प्रथम स्पॅनिश शब्दाचा विचार करू. 'पेकादो' हा लॅटिन 'पेकातुम'पासून आला. ह्या लॅटिन शब्दाच्या मुळाशी पाऊल अडखळण्याची कल्पना असावी असा एक तर्क व्युत्पत्तिकारांनी केला आहे. तो खरा धरला नाही तरी चालू स्पॅनिश प्रयोग त्याच दिशेचे आहेत. त्या भाषेत मनुष्य 'पेकादो'त पडतो, 'पेकादो'त राहतो, त्याची कबुली धर्मगुरूपुढे देतो आणि त्यातून मुक्त होतो. म्हणजे 'पेकादो' ही एक जागा आहे. मनुष्य तीत शिरतो आणि योग्य तो विधी झाला की बाहेर येतो. राजाच्या कायद्याविरुद्ध जे कृत्य घडते त्याला स्पॅनिशमध्ये 'देलितो' असा निराळा शब्द आहे, आणि मनाला जी टोचणी लागते तिला 'कुल्पा' असा तिसरा. देवाचे, राजाचे आणि मनाचे अशी ही तीन दालने त्या भाषेने वेगळी ठेवली आहेत. 'पेकादो'चे लघुरूपही तेथे आहे, 'पेकादियो', म्हणजे हसून सोडून द्यावे असे किरकोळ पाप. अन्न टाकून देणाऱ्यालाही स्पॅनिश गृहिणी 'पेकादो' हाच शब्द ऐकवते. एवढ्यापुरती ती आपल्याकडील आजीबाईंची सख्खी बहीण शोभेल.

आता मराठी 'पाप' पाहा. पाप लागते, पाप पदरी पडते, पाप माथी बसते, पाप धुतात, फेडतात, झाकतात, पापाचा घडा भरतो, पापाला वाटेकरी असतात, आणि पुष्कळदा ऐन वेळी ते नसतात. ही सारी क्रियापदे एखाद्या पदार्थाला शोभणारी आहेत. त्याला वजन आहे, त्याचा डाग पडतो, तो साठतो आणि वाटला जातो. स्पॅनिश मनुष्य पापात पडतो. मराठी मनुष्याच्या पदरात पाप पडते. पहिल्या कल्पनेत माणूस हलतो आणि पाप जागच्या जागी राहते. दुसरीत माणूस जागचा न हलताही पाप त्याच्याकडे चालून येऊ शकते. म्हणूनच 'नसते पाप माझ्या पदरात का घालता' हे वाक्य मराठीत इतके सहज वाटते आणि परभाषेत नेताना इतके अवघड जाते. 'पेकादियो'सारखे पापाचे लघुरूपही मराठीत नाही. हलक्या दोषासाठी आपल्याकडे चूक, आगळीक, खोडी असे वेगळे शब्द आहेत. पाप म्हटले की ते थोडके असू शकत नाही.

पापाच्या आसपासचे शब्दही आपापल्या चित्रासह उभे आहेत. 'पातक' म्हणजे जे खाली पाडते ते. 'अपराध' ह्या शब्दात मुळात नेम चुकण्याची कल्पना आहे. ज्याचा बाण लक्ष्यावरून ढळला त्या धनुर्धराला संस्कृतात 'अपराद्धपृषत्क' म्हणतात. आपली साधी 'चूक'ही त्याच घराण्यातली आहे, कारण वाट चुकते, नेम चुकतो, तशीच माणसाची वागणूक चुकते. ग्रीकांनी शोकांतिकेच्या नायकाच्या दोषाला जो 'हामार्तिया' शब्द लावला त्याच्याही मुळाशी हुकलेला नेमच आहे. असे हे शब्द एकमेकांचे पर्याय म्हणून वापरले जातात खरे. परंतु त्यातील प्रत्येकाने माणसाच्या पतनाकडे निराळ्या बाजूने पाहिलेले आहे.

ह्या कुटुंबात बाहेरून आलेला 'गुन्हा' कसा स्थिरावला हे पाहण्यासाठी आम्ही वाचकांस जुन्नरकडे नेऊ इच्छितो. कारण नैतिक शब्दांचे इतके थर एके ठिकाणी क्वचितच आढळतात. सर्वांत जुना थर दगडावरचा आहे. नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखात यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे व कार्षापणांची मोजदाद आहे. जुन्नरभोवतालच्या लेण्यांतून धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीपासून यवनांपर्यंत अनेकांनी आपली दाने कोरून ठेवली आहेत. मानमोडीच्या डोंगरावर महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने सन ४६ असा आकडा घालून मंडपाचे व पाण्याच्या टाक्याचे दान नोंदविले आहे, आणि ते कशासाठी, तर 'पुण्यार्थ'. दगडावर पुण्य कोरले जाते, ह्यात नवल नाही. आपले पाप खडकात खोदून ठेवणारा दाता कोठून मिळणार? पापाची नोंद होण्यासाठी दुसऱ्या कोणाच्या तरी हातात लेखणी जावी लागते.

ती लेखणी कचेरीच्या हातात गेली. इ. स. १४९० च्या सुमारास मलिक अहमदाने निजामशाहीची उभारणी केली ती प्रथम जुन्नरच्या आश्रयाने. अशा ठाण्यांतून फारसी ही दरबाराची भाषा झाली आणि तिच्याबरोबर 'गुनाह' हा शब्द मराठीत उतरला. येथे एक सूक्ष्म गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. फारसीत 'गुनाह' म्हणजे मुख्यतः देवाविरुद्ध घडलेले पाप. कायद्याच्या अपराधास तेथे 'जुर्म' असा वेगळा शब्द आहे. हिंदुस्थानी गझलेत आजही 'गुनाह' पापाच्याच अर्थाने येतो. मराठीत मात्र ह्या शब्दाने देव सोडला आणि कचेरी धरली. असे का झाले? आमच्या मते ह्याचे उत्तर एकच आहे: पापाची जागा मराठीत रिकामी नव्हती. 'पाप' तेथे पाय रोवून बसले होते. पाहुण्याला जी खोली मोकळी होती तीच मिळाली, आणि ती होती दंडाची.

ती खोली त्याने कशी सजविली ते मराठेशाहीच्या कागदांत दिसते. वतनाचा तंटा गोतसभेपुढे चाले, साक्षी होत, प्रसंगी दिव्यही होई. निवाडा झाला की जिंकणाऱ्याने सरकारात भरावयाच्या रकमेला 'हरकी' म्हणत आणि हरणाऱ्याने भरावयाच्या रकमेला 'गुन्हेगारी'. म्हणजे 'गुन्हेगारी' ही आजच्यासारखी समाजाची व्याधी नव्हती. ती रुपयांत मोजून जमेस धरण्याची एक बाब होती. जुन्नरी कागद त्या काळी नावाजलेला होता. पुण्य जर जुन्नरच्या खडकावर उतरले असेल, तर गुन्हा जुन्नरच्या कागदावर उतरला असे म्हणण्यास हरकत नाही. ह्याच काळात त्याच कृत्याबद्दल राजदंड वेगळा आणि प्रायश्चित्त वेगळे, अशी दुहेरी व्यवस्था होती. दंड भरला म्हणजे गुन्हा फिटे. पाप फिटण्यास प्रायश्चित्त लागे. आजही आपली भाषा हा भेद विसरलेली नाही. गुन्हा 'माफ' होतो, पापाची 'क्षमा' होते. 'पाप माफ केले' असे म्हणताना अस्सल मराठी जिभेला किंचित अडखळल्यासारखे होते.

ह्या अनुमानाला गोव्यात पुष्टी मिळते. तेथे राज्यकर्त्यांची भाषा पोर्तुगीज, आणि पोर्तुगीजमध्येही शब्द तोच, 'पेकादो'. त्या भाषेतून कोकणीत शब्दांची रीघ लागली. चर्चला 'इगर्ज' नाव मिळाले. पापाची कबुली देण्याच्या विधीला 'कुमसार' हा पोर्तुगीजापासून बनलेला शब्द मिळाला. परंतु ज्याची कबुली द्यावयाची ते 'पातक'च राहिले, आणि ते करणारा 'पापी'च राहिला. आदिमानवाकडून वारशाने आलेल्या दोषालाही तेथील ख्रिस्ती माणूस 'मूळ पातक'च म्हणतो. फादर थॉमस स्टीफन्स याने १६१६ मध्ये आपले ख्रिस्तपुराण छापविले, तेव्हा त्यानेही आपल्या नव्या धर्माची जुनी वेदना ह्याच देशी शब्दांत सांगितली. विधी परका चालला, इमारत परकी चालली, पण खुपणाऱ्या काट्याला घरचेच नाव लागले. फारसीचा शब्द आला तो कचेरीत बसला. पोर्तुगीजांचा शब्द उंबरठ्यावरूनच परतला. दोन राजभाषांपुढे 'पाप' आपली जागा राखून राहिले, ही ह्या शब्दाच्या चिवटपणाची साक्ष आहे.

येथे कोणी आक्षेप घेईल की, आपण पापाची फारच थोरवी गात आहात. हा आक्षेप अगदी रास्त आहे. जो पदार्थ पदरात पडू शकतो तो जन्मतःच पदरात टाकताही येतो, आणि आपल्या समाजाने तो तसा टाकला आहे. जुन्नर तालुक्यात आळे येथे एका रेड्याची समाधी दाखवितात. संन्याशाची मुले म्हणून ज्यांना जन्माचेच पातक चिकटविले होते त्या ज्ञानदेवादी भावंडांनी पैठणला शुद्धिपत्र मागितले आणि ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद बोलविले, अशी जी परंपरागत कथा आहे तिच्यातील तो रेडा. कथेचा चमत्कार क्षणभर बाजूला ठेवला तरी तिच्यातला बोचरा प्रश्न उरतोच. मुलांनी काय केले होते? त्यांनी केवळ जन्म घेतला होता. अस्पृश्यतेच्या मागे उभे राहिलेले 'पूर्वजन्मीचे पाप' हे ह्याच तर्काचे अधिक भयंकर रूप होय.

परंतु जन्माला दोष ठरविण्याचे पातक एकट्या 'पापा'च्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. सतराव्या शतकातील स्पॅनिश नाटककार काल्देरोन याच्या 'ला विदा एस सुएन्यो' ह्या नाटकात बुरुजात कोंडलेला राजपुत्र आपल्या जन्मालाच दोष देतो, आणि तेथे कवीने 'पेकादो' न योजता 'देलितो' योजला आहे. ही निवड सहेतुक असावी असे आम्हांस वाटते. त्या राजपुत्राला बापाने कैद केले आहे. तेव्हा देवाचे दालन सोडून तो राजाच्या दालनातला शब्द उचलतो. जे नाटककाराने पात्राच्या तोंडी घातले ते इंग्रज सरकारने कायद्यात घातले. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याची सोय केली, आणि पुढे ती मुंबई इलाख्यासही लागू झाली. 'गुन्हेगार जमात' हा शब्दप्रयोग मराठीत रूढ झाला. दंड भरून मोकळे करणारा जो शब्द होता तोच आता रक्तात भिनविला गेला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. शब्दाचा डाग मात्र त्या वस्त्यांवरून अद्याप पुरता गेलेला नाही. तात्पर्य, दोन्ही शब्दांना माणसाविरुद्ध वापरता येते.

पापाला ह्या जन्मदोषातून सोडविण्याचे काम आपल्याकडे संतांनी केले. दुसऱ्यास पीडा देणे हे पाप, ही जुनी व्याख्या त्यांनी विटाळाच्या आणि कुळाच्या वर नेऊन बसविली आणि ती बाजारात, शेतात, बायाबापड्यांच्या तोंडी नेली. ह्याच तालुक्यातील ओतूर हे तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांचे समाधिस्थान मानले जाते. तुकोबांच्या वाणीत पापाची कसोटी शिवाशिवीत राहत नाही. समोरच्या जिवाला दुःख झाले की नाही, ह्यात ती येते. आम्ही ज्या 'पापा'चा कैवार घेत आहोत ते हे पाप.

आणि हे पाप कायद्याच्या पुढे कसे जाते ते आंबेगावच्या डोंगरात दिसले आहे. आजच्या आंबेगाव तालुक्यातील जांभोरीचा होन्या भागोजी केंगले ह्या कोळी पुढाऱ्याने १८७३ पासून सावकारांवर हल्ले सुरू केले. काही सावकारांची नाकेही कापली गेली. १८७६ मध्ये मेजर डॅनिएल याने त्यास पकडले. सरकारी दप्तरात ह्या प्रकरणाला एकच नाव असणार, ते म्हणजे गुन्हा. आणि नाक कापणे हा गुन्हा नव्हता असे आम्हीही म्हणणार नाही. परंतु ज्या खतावर अंगठा उठवून सावकाराने जमीन घेतली ते खत कायदेशीर होते. तेथे गुन्हा कोठेच नव्हता, आणि पाप मात्र उघड्यावर पडले होते. ह्याच सुमारास, मे १८७५ मध्ये, सुप्यास दंगा होऊन ती आग आसपासच्या गावांतून पसरली. शेवटी १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला त्याने न्यायाधीशास खताच्या मागे जाऊन मूळ देवघेव तपासण्याचा अधिकार दिला. ह्याचा अर्थ असा की, कागद बिनचूक असला तरी त्याच्याआड अन्याय असू शकतो, हे कायद्याने अखेर मान्य केले. जी गोष्ट भाषेला 'पाप' ह्या एका शब्दात आधीच ठाऊक होती, तेथवर पोचण्यास कायद्याला दंगे, चौकशी आणि तुरुंग एवढे सर्व लागले.

आता आम्ही आमच्या मूळ तक्रारीकडे येतो. अलीकडच्या मराठी गद्यात 'गुन्हा' हा शब्द 'पापा'ची जागा गिळत चालला आहे. कथाकार आईच्या मनातील सलाला 'गुन्हेगारीची भावना' म्हणतो. भाषांतरकार 'पेकादो' आणि 'देलितो' ह्या दोघांनाही 'गुन्हा' ह्या एकाच गोणीत भरतो. वर्तमानपत्राला तर 'गुन्हा दाखल' झाल्याखेरीज काही वाईट घडले आहे असे वाटतच नाही. 'पाप' हा शब्द जुनाट, सोवळा, कीर्तनातला म्हणून सुशिक्षित लेखक तो टाळतो. त्याचे भय आम्हांस कळते. परंतु ह्या टाळण्याचा परिणाम असा होतो की, ज्या अन्यायाला कलम नाही, फिर्यादी नाही आणि आरोपीही नाही, त्याला आपल्या भाषेत नावच उरत नाही.

असा अन्याय दाखविण्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. ज्या आंबेगावाने तालुक्याला नाव दिले ते जुने गाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावास आहे. नाव मात्र बुडालेल्या गावाचे चालते. कुकडी प्रकल्पातील पाच धरणांपैकी हे एक. त्याच्या पाण्याने खालच्या तालुक्यांतील शेते हिरवी झाली, आणि तो लाभ खोटा नाही. परंतु वरच्या खोऱ्यात महादेव कोळ्यांची भातखाचरे व घरे गेली, आणि पाणी मात्र त्यांच्या पायथ्याशी उभे राहून खाली वाहत गेले. येथे गुन्हा कोणाचा? कोणाचाच नाही, भूसंपादन कायद्याने झाले, धरण सार्वजनिक हितासाठी झाले. मग काही घडलेच नाही काय? स्पॅनिश 'पेकादो' येथे निरुपयोगी आहे, कारण त्याला पडणारा एक माणूस लागतो. 'गुन्हा' निरुपयोगी आहे, कारण त्याला कलम लागते. 'पाप' मात्र येथेही बोलू शकते, कारण त्याला वाटेकरी चालतात. ज्याच्या ज्याच्या शेताला ते पाणी पोचले, ज्याच्या ज्याच्या ताटात त्या शेतातले अन्न आले, त्याच्या पदरी थोडे थोडे काही पडले आहे. हे म्हणणे कोणास तुरुंगात घालण्यासाठी नव्हे. जे फेडावयाचे राहिले आहे त्याची आठवण राहावी एवढ्यासाठी.

भाषांतरकारांस आमची सूचना इतकीच की, 'पेकादो'पुढे 'पाप' लिहिण्यास कचरू नये, पण वाक्य मराठी क्रियापदावर तोलून पाहावे. नायक पापात पडला, की पाप त्याच्या पदरात पडले, हे ठरविल्याशिवाय लेखणी पुढे नेऊ नये. 'देलितो'साठी 'गुन्हा' राखून ठेवावा; त्याचेही स्वतःचे मोल आहे. गुन्ह्याला शेवट असतो. शिक्षा भोगलेला मनुष्य उजळ माथ्याने घरी परत येऊ शकतो, आणि ही सवलत पापाने माणसाला क्वचितच दिली आहे. म्हणून दोन्ही शब्द हवेत. एक कचेरीवर सोपवावा आणि एक आपल्यापाशी ठेवावा. आपल्यापाशी ठेवावयाचा शब्दही कचेरीत जमा केला, तर निवाडा होऊन गेल्यावर आपणांस आपसांत बोलण्यासारखे काहीच उरणार नाही.